तिसरी ब मधले ‘ओठवाले’: प्राथमिक शाळेतल्या संगीताच्या बाईंचं एक प्रकरण

प्रकरण एका खाजगी अनुदानित मराठी प्राथमिक शाळेतलं आहे. सातारा-सांगली पट्ट्यातलं तालुक्याचं गाव, पहिली ते चौथी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. शाळेचं नाव देत नाहीये, माणसांची पण नाही, तशी गरजही नाही कारण अशा शाळा आपल्याकडे ढिगाने आहेत. जिच्याबद्दल लिहितेय ती संगीताची बाई माझ्याकडे विशारदच्या, म्हणजे शास्त्रीय गायनाच्या परीक्षेच्या, तयारीला यायची, त्यामुळे काय काय घडत गेलं ते आधी फोनवर आणि मग तिच्या तासाला मागे बसून मला कळत गेलं. इथे तिला नुसतं ‘बाई’ म्हणते, पोरं तेच म्हणतात.

आधी तिची नोकरी काय होती ते सांगते नाहीतर पुढचं नीट लक्षात येणार नाही. संस्थेने तिला मानधनावर घेतलेलं. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा माणूस, द्यायचा असं आहे खरं, पण ते सहावी ते आठवीसाठी आणि तेही पट १०० च्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला वर्गशिक्षकानेच सगळं करायचं असं गृहीत धरलेलं असतं. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हातात देतात, त्यात गायन वादन सगळं आहे, पण वर्गाच्या बाईंना गाता येतं का हे कोणी विचारत नाही. मग ज्या संस्थेला परवडतं ती बाहेरून कोणाला तरी घेते, आणि एकदा घेतलं की त्या माणसाला गाण्याशी ज्याचा ज्याचा लांबून संबंध आहे ते सगळं चिकटतं. प्रत्येक तुकडीला आठवड्याला ३५ मिनिटांचा एक तास, म्हणजे आठ तास, हे झालं वेळापत्रकातलं. त्याशिवाय रोजचा परिपाठ, आषाढीची दिंडी, १५ ऑगस्ट, भोंडला, गॅदरिंग, २६ जानेवारी, कोणी साहेब आले की स्वागतगीत, कोणी रजेवर गेलं की त्यांचा वर्ग सांभाळणे, आणि जानेवारीत तालुक्याची समूहगान स्पर्धा. या स्पर्धेवरूनच सगळं सुरू झालं.

बाई जूनमध्ये लागली. आधीचे सर निवृत्त झालेले, गावात त्यांना मान, त्यांच्या काळात स्पर्धेचे दोन कप आलेले आणि ते ऑफिसातल्या कपाटात समोरच ठेवलेत. पहिल्याच आठवड्यात बाईने तिसरी ब ला एक सोपं गाणं सुरू करून दिलं, एक ओळ आपण म्हणायची, एक पोरांनी. दोन ओळी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की मागच्या बाकांवरची काही पोरं तोंड तर बरोबर हलवतायत, शब्दन् शब्द जुळतोय, पण आवाज नाही. जवळ गेली, वाकून कान लावला, खरंच आवाज नाही. विचारलं, “काय रे, गात का नाही?” तर एका मुलीने अगदी सहज सांगितलं, “बाई, आम्ही ओठवाले आहोत.”

नऊ जण होते, ४६ च्या वर्गात. दुसरीत असताना गॅदरिंगच्या वेळी सरांनी त्यांना सांगितलेलं की तुम्ही नुसते ओठ हलवा, गाणं बिघडतं. सरांनी ते रागाने सांगितलं नव्हतं, पोरांना पण काही अपमान वाटला नव्हता, उलट स्टेजवर उभं राहायला मिळालं यात ती खूष होती. पण वर्षभर संगीताच्या तासाला ती ओठच हलवत बसली. त्यातल्या त्या मुलीची आई पुढच्या आठवड्यात शाळा सुटताना गेटवर थांबलेली. म्हणाली, “बाई, आमची आधी अंघोळ करताना पण गायची हो, बंद कर म्हणावं लागायचं, आता विचारलं तर म्हणते मला गाणं येत नाही, मी ओठवाली आहे.” तक्रार म्हणून नाही, काळजीने विचारत होती की हिला खरंच येत नाही का.

हा प्रश्न बाईने मला विचारला आणि मी तिला म्हटलं की आधी ऐक, मग ठरवू. कारण ‘बेसूर’ हा शिक्का मारायला फार सोपा आहे, त्याच्या मागे चार-पाच वेगवेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

ऐकायचं कसं हा मोठा प्रश्न. एकेकाला पुढे उभं करून ‘सा म्हण’ सांगितलं की निम्मी पोरं तिथेच आक्रसतात, मग जे ऐकू येतं ती भीती असते, सूर नाही. तर तिने हजेरी गाण्यात घ्यायला सुरुवात केली. ती नाव गायची दोन सुरांत, पंचमावरून गंधारावर उतरणारं, आणि पोराने त्याच दोन सुरांत ‘आऽलो’ किंवा ‘आऽले’ म्हणायचं. प-ग हे अंतर लहान पोरांच्या तोंडात आपोआप बसतं, मैदानावर एकमेकांना चिडवताना साधारण याच अंतरात चिडवतात, ऐकून बघा कधी. पहिल्या दिवशी हसण्यात गेलं, दुसऱ्या वेळेपासून पोरं त्याला सरावली, आणि बाईकडे हजेरीच्या वहीत नावापुढे तीन खुणा: बरोबर लागला, जवळपास लागला, एकाच सुरावर बोलल्यासारखं म्हटलं. एका हजेरीला सात-आठ मिनिटं जातात, म्हणजे तासाचा पाचवा हिस्सा, पण माझ्या मते संगीत शिक्षकाला येणाऱ्या कौशल्यांत हे पहिलं पाहिजे, एकेक आवाज वेगळा ऐकता येणं आणि तो लिहून ठेवणं. हार्मोनियम उत्तम वाजवणारे पण ४६ पोरांचा गलका म्हणजे एक आवाज समजणारे शिक्षक मी खूप पाहिलेत.

तीन-चार हजेऱ्यांनंतर वही बघितली तर गंमत होती. नऊ ओठवाल्यांपैकी तीन जण सरळ सुरात होते, त्यांना ओठवाले का केलं तेच कळेना, बहुतेक त्या दिवशी शेजारच्याचं त्यांच्यावर आलं असावं. त्यात ती गेटवरच्या आईची मुलगी पण आली. आणि ज्यांनी वर्षभर मोठ्याने गायलं होतं त्यातले पाच जण चांगलेच गडबडीत होते. म्हणजे निवडच चुकीची झालेली. गर्दीत कोण बेसूर आहे हे लांबून ठरवलं की असंच होतं, जो मोठ्याने गातो तो सुरेल वाटतो.

मग पट्टीचा, म्हणजे कोणत्या सुराला सा धरून गायचं याचा, विषय निघाला, आणि मला वाटतं अख्ख्या प्रकरणाचा गाभा तोच आहे. आधीचे सर काळी एक मध्ये गायचे, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. पुरुषाला ती पट्टी नेहमीची. आता आठ-नऊ वर्षांच्या पोराचा गळा साधारण हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एक पासून तिच्या वरच्या पांढरी एक पर्यंत आरामात चालतो, थोडं खाली थोडं वर. सर गातायत त्याच्या एक सप्तक वर पोरांनी गायचं असतं, हिशेबाने पोरांना ती पट्टी ठीकच पडते. पण ज्या पोराचा कान अजून तयार नाही त्याला ‘तोच सूर पण वरचा’ हे कळत नाही, तो सरांच्या जाड आवाजाशी जुळवायला बघतो, आवाज खाली खाली नेतो आणि बोलण्याच्या आवाजात जाऊन अडकतो. तिथून त्याला वर येताच येत नाही. पुरुष शिक्षकाच्या मागे गाताना लहान पोरांना जास्त अवघड जातं आणि बाईच्या किंवा दुसऱ्या पोराच्या मागे सोपं जातं, याचं कारण हे. पुरुष शिक्षकांनी शिकवू नये असं मी म्हणत नाहीये हां, त्यांनी सुरुवातीची ओळ एखाद्या चांगल्या गाणाऱ्या पोराकडून म्हणवून घ्यावी किंवा हलक्या वरच्या आवाजात दाखवावी, एवढंच.

बाई आली म्हणजे प्रश्न सुटला असं पण नव्हतं. बाईची स्वतःची पट्टी काळी पाच, ती पण खर्जातली, म्हणजे खालच्या सप्तकातली. रियाज त्यात, परीक्षा त्यात, त्यामुळे हात तिथेच जातो. त्या पट्टीत एखादं गाणं मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे सा च्या खालच्या प पर्यंत, उतरलं की पोरं घशातून गुरगुरायला लागतात, कारण तिथे त्यांचा आवाजच नाही. मी तिच्या तासाला बसले तेव्हा हेच पहिलं दिसलं. तिला म्हटलं, पांढरी दोन घे, मधल्या सप्तकातली. तिचा चेहरा पडला. “ताई, मला वर फार जाईल हो.” जाईलच, पोरांचा वरचा सा म्हणजे तिच्या हिशेबाने तार गंधार, वरच्या सप्तकातला ग, पण दिवसभर सगळं तिने गायचंच नाहीये, एक ओळ हलक्या आवाजात दाखवायची आणि गप्प बसून ऐकायचं. गायिका म्हणून जी पट्टी तिची आहे ती वर्गात तिची नाही, तिथे पोरांची पट्टी. हे शिकायला चांगल्या चांगल्या विशारदांना जड जातं.

पट्टी बदलल्याचा परिणाम आधी परिपाठाला दिसला. परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष आणि शेवटी पसायदान एवढं असतं, आणि गाण्याच्या सुराची सुरुवात कोण करतं तर माईक ज्याच्या हातात आहे तो चौथीचा पोरगा, तो त्या दिवशी जेवढ्या जोशात असेल तेवढ्या वर. राष्ट्रगीत साधारण ५२ सेकंदांचं, शेवटाकडची पहिली ‘जय हे’ तार सा ला, म्हणजे वरच्या सा ला, जाऊन भिडते, तर सुरुवात वर झाली की शेवट म्हणजे नुसती किंकाळी, आणि सुरुवात खाली झाली की ‘विधाता’ ला अर्धी शाळा गप्प. २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झालं, दोन कडवी, सुमारे १ मिनिट ४१ सेकंद, आणि चाल शाहिरी गळ्यासाठीची, त्यामुळे तिथे ओरडण्याला पोरांना जणू परवानगीच मिळते. बाईने एवढंच केलं की सुरू करायच्या आधी पांढरी दोन चा सा पाच सेकंद वाजवायचा, सगळ्यांनी तो ‘म्म्’ करून धरायचा आणि मगच पहिला शब्द. बाकी काही शिकवलं नाही. आठवडाभरात मैदानावरचा आवाज उतरला, म्हणजे ओरडणं कमी झालं. शेजारच्या दुकानदाराने येऊन विचारलं म्हणे की माईक बिघडलाय का.

आता उरलेले सहा ओठवाले आणि गाणाऱ्यांतले ते पाच गडबडीतले. यांच्यासाठी तिने तासाची पहिली दहा मिनिटं हार्मोनियम बंद ठेवली. शाळेच्या त्या हार्मोनियमचे दोन सूर चिकटायचे आणि भाता फुसका होता हे एक, पण खरं कारण असं की पेटी वाजत असली की पोरं तिच्या आवाजात लपतात आणि शिक्षकाची मान खाली पट्ट्यांकडे, पोरांच्या तोंडाकडे लक्षच नाही. मोबाईलवर तानपुऱ्याचं अॅप, छोटा स्पीकर, बास. पोरांना व्हरांड्यात गोलात बसवलं. कोकिळेचं कुहू खालून वर ओढत न्यायचं, मांजराचं म्याव वरून खाली आणायचं, आणि पोरांना सगळ्यात आवडलेलं म्हणजे ओठ फुरफुरवत ‘ब्रूऽऽ’ करून खंबाटकी घाट चढणारा ट्रक. हसायचा खेळ वाटतो पण यात पोराचा आवाज बोलण्याच्या जागेवरून सुटून वर जातो, ‘वरचा आवाज’ माझ्याकडे आहे हे त्याला पहिल्यांदा कळतं. ज्यांना तो सापडलाच नव्हता असे पाच-सहा जण यातच निघून गेले, त्यांना पुढे वेगळं काही करावं लागलं नाही.

एक पोरगा मात्र ट्रक पण एकाच सुरावर चालवायचा. घाट नाहीच, सपाट रस्ता. त्याच्याबरोबर बाईने मधल्या सुट्टीत पाच-पाच मिनिटं काम केलं, त्यातल्या एका वेळी मी होते. त्याला ‘सा म्हण’ म्हटलं तर म्हणाला, “मला नाय येत.” बाई म्हणाली, “बरं, मग तू कायतरी म्हण, मी तुझ्यामागे म्हणते.” त्याने लाजत ‘ऊं’ केलं, खाली, खर्जातल्या पांढरी सहा च्या आसपास. बाईने तोच सूर पकडला, अगदी त्याच्याएवढ्याच हलक्या आवाजात, आणि धरून ठेवला. श्वास घेऊन पुन्हा तोच. तिसऱ्या-चौथ्या वेळेला दोन आवाज एकमेकांत मिसळले तसा तो थांबला आणि बाईकडे बघून म्हणाला, “बाई, कानात घुमतंय.” त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं असेल की सूर जुळला की असं काहीतरी होतं. वर्षभर सगळे त्याला आपल्या सुरात बोलवत होते, त्याच्या सुरात कोणी गेलंच नव्हतं. मग बाईने तिथून एकच सूर वर नेला, तो आला. अजून एक वर, तो घसरून परत खाली. तिथे थांबली, “उद्या” म्हणाली, आणि त्याला खेळायला सोडलं. जिथे पोरगं अजून जिंकलेलं असतं तिथेच थांबणं हे कुठल्या डिग्रीत शिकवत नाहीत, बाईला ते आतून येतं आणि मला त्याचं कौतुक वाटतं.

याच पोराच्या बाबतीत आमचं दोघींचं वाजलं. हा पोरगा आजोबांबरोबर गावातल्या भजनी मंडळात बसतो, भजनी ठेका त्याच्या बोटांत पक्का, आठ मात्रांत कुठे सोडा बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो. वर्गशिक्षिका म्हणाल्या, द्या की त्याला ढोलकी आणि गाण्यातून मोकळा करा, तो पण खूष आणि गाणं पण सुरेल. बाईला पटत होतं. मला नाही पटलं आणि अजूनही पटत नाही. ज्याला गाता येत नाही त्याच्या हातात खंजिरी द्यायची हा सल्ला सगळीकडे देतात, दयाळू वाटतो, पण त्याचा अर्थ पोराला तोच पोचतो, तू गाऊ नको. शिवाय ज्यांचा आवाज छान त्यांना ताल शिकायला मिळत नाही, मग सुरेल पण लयीत धावणारी पोरं तयार होतात. शेवटी बाईने ठरवलं की वाद्यं पाळीने. टाळ, खंजिरी, ढोलकी हे प्रत्येक तासाला वेगवेगळ्या पोरांकडे, आणि वाजवणाऱ्याने पण गायचंच. त्या पोराला ढोलकी मिळायची पण बाकीच्यांएवढीच, उलट इतरांना ठेका दाखवायचं काम त्याला दिलं. त्याच्या नाकावर थोडा राग दिसायचा, चालायचंच.

अजून एक मुलगा होता, हजेरीत कधी बरोबर, कधी पार भलतंच. बाईच्या लक्षात आलं की ती त्याच्या उजवीकडे उभी असली की बरोबर, डावीकडे असली की चुकतो. आईला विचारलं तर म्हणाली कान वाहतो अधूनमधून, तेल घालतो. बाईने तेल घालू नका म्हणून सांगितलं आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळा तपासणीला आलं तेव्हा वर्गशिक्षिकेकडून त्याचं नाव मुद्दाम पुढे दिलं. या पथकाच्या यादीत कानाचा संसर्ग आणि ऐकू कमी येणं दोन्ही आहे, तिथून त्याला उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं आणि औषधं सुरू झाली. संगीताच्या बाईच्या कामाच्या यादीत हे कुठेच लिहिलेलं नसतं पण वर्गात पोराचा कान सगळ्यात जास्त वापरणारी तीच. घोगऱ्या आवाजाच्या पोरांचं पण तेच, सर्दी नसताना आवाज महिना महिना बसलेला असेल तर ‘याचा आवाजच तसा’ म्हणून सोडून न देता कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा म्हणून सांगायचं. मैदानावर ओरडून ओरडून आवाजाच्या पडद्यांवर गाठी येतात पोरांना, ते बरं होण्यासारखं असतं.

गाण्यांची निवड पण बदलली, हे थोडक्यात सांगते. पहिली-दुसरीला पाच-सहा सुरांत बसणारीच गाणी. भोंडल्याची गाणी, ओव्या, बडबडगीतं, विठ्ठलाचे गजर. आपल्या जुन्या बायकांच्या गाण्यांचा आवाका छोटा असतो, काम करता करता, फेर धरता धरता म्हणायची असतात ना, त्यामुळे लहान पोरांना ती नेमकी बसतात. सिनेमातली आणि टीव्हीवरच्या स्पर्धांतली गाणी दीड दीड सप्तक फिरतात, ती पालकांना हवी असतात, पोरांच्या गळ्याला नको असतात.

दिवाळीनंतर खरा पेच आला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावून सांगितलं, “यंदा कप आला पाहिजे हं. सरांची परंपरा आहे. तिसरी-चौथीतली दहा पोरं निवडा आणि आता संगीताचे तास त्यांनाच द्या, बाकीच्यांना अभ्यास देऊ.” बाई मानधनावर, तोंड उघडायचं तर जपून. मला फोन केला तेव्हा रडकुंडीला आलेली. मी तिला सांगितलं की निवड करायला हरकत घेऊ नकोस, तिथे तू हरशील आणि हरलंच पाहिजे, स्पर्धेला माणसं मोजून जातात, दहा म्हणजे दहा. क्रिकेटच्या टीमला निवडच असते की. भांडायचं ते दोनच गोष्टींवर: निवडलेल्यांत कोणी ओठ हलवायला म्हणून उभा राहणार नाही, आणि जे निवडले नाहीत त्यांचा तास जाणार नाही.

ती वही घेऊन गेली. हजेरीच्या खुणांची वही. मोठ्या बाईंपुढे ठेवली आणि जूनमध्ये काय होतं, नोव्हेंबरमध्ये काय आहे ते नावानिशी दाखवलं. मोठ्या बाई गणिताच्या, त्यांना आकडे आवडतात. वही चाळता चाळता त्या वेगळ्याच गोष्टीवर अडकल्या, म्हणाल्या, “या खुणांवरून वर्णनात्मक नोंदी करता येतील का हो?” कारण आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या मूल्यमापनात, कला विषयाच्या नोंदी सगळीकडे कशा होतात ते सांगायला नको, व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ फिरते, त्यातून ‘गाणे तालासुरात म्हणतो’ हे ४६ जणांपुढे उतरवायचं. तपासणीत कोणीतरी त्यावरून त्यांना बोललेलं असावं. बाईने सांगितलं, तास राहिले तर नोंदी मिळतील, सगळ्या तुकड्यांच्या. व्यवहार झाला. तास राहिले, सराव मधल्या सुट्टीत आणि शनिवारी शाळा सुटल्यावर. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला हा मूळ अभ्यासक्रमातलाच भाग, असं सगळं छान लिहिलंय, पण त्या दिवशी संगीताचा तास वाचवला तो नोंदवहीने, धोरणाने नाही.

टीममध्ये दहा जण गेले, त्यातले दोन जुने ओठवाले, एक ती गेटवरच्या आईची मुलगी. ठेक्यावाला पोरगा गेला नाही. त्याला चार-पाच सुरांपर्यंतच जमत होतं आणि गाणं सप्तकभर होतं. बाईने त्याला बाजूला घेऊन तसंच सांगितलं, गोड बोलून नाही, की या गाण्यातला वरचा भाग तुला अजून लागत नाही म्हणून यंदा नाही, पण २६ जानेवारीला अख्खा वर्ग गाणार आहे आणि त्यात तू मोठ्याने गायचंस. तो “बरं” म्हणाला आणि गेला. नंतर दोन तासांना हजेरीला ‘आलो’ न म्हणता नुसता हात वर करायचा. तिसऱ्या तासाला म्हटला. सत्य सांगितल्यावर पोरं दुखावतात, थोड्या दिवसांत सावरतात पण. खोटं सांगून ओठ हलवायला लावलं तर वर्षभर सावरत नाहीत, ते आपण पाहिलंच.

स्पर्धेत काही आलं नाही. उत्तेजनार्थ पण नाही. पहिला नंबर ज्यांचा आला त्यांनी ट्रॅक लावला होता, फेटे, हातवारे, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेत कानठळ्या. आपल्याकडच्या समूहगान स्पर्धांत परीक्षक ‘जोश’ ला मार्क देतात आणि नऊ वर्षांच्या पोरांच्या बाबतीत जोश म्हणजे घसा ताणणं, हे मी जिथे जाते तिथे बोलते, कोणी ऐकत नाही. एका परीक्षकांनी नंतर बाईला एवढं म्हटलं की तुमची पोरं ओरडली नाहीत. कपाटात ठेवता येण्यासारखं ते काही नव्हतं आणि मोठ्या बाईंचा चेहरा दोन दिवस तसाच होता.

२६ जानेवारीला तिसरी ब च्या ४६ जणांनी गायलं, सगळ्यांनी तोंडाने. सुरेल झालं का? बऱ्यापैकी. दोन-तीन आवाज खाली लोंबकळत होते ते मला ऐकू येत होते, पालकांना आले असतील असं वाटत नाही.

मार्चमधली वही अशी: नऊ ओठवाल्यांपैकी सात जण सरळ सुरात, त्यातले तीन मुळातच होते. कानाच्या औषधवाला मुलगा कान कोरडा झाल्यापासून दोन्ही बाजूंनी बरोबर येतो, पण त्याला मधून मधून तपासणीला न्यावं लागतंय आणि आई मजुरीवरून सुट्टी काढू शकत नाही म्हणून दोन खेपा चुकल्यात. ठेक्यावाल्याला सा पासून पंचमापर्यंत लागतं, त्याच्या वर गेला की अजून घसरतो. गाणाऱ्यांतल्या त्या पाच गडबडीतल्यांपैकी एक मुलगी आहे जिचं कारण आम्हाला दोघींना अजून सापडलेलं नाही, एकटी असली की बरोबर, गर्दीत पार भलतीकडे. चौथीला वर्गशिक्षक पुरुष आहेत, परिपाठ यंदा त्यांच्याकडे, म्हणून बाईने मे महिन्याच्या आधीच त्यांना बसवून पांढरी दोन दाखवली आणि पहिली ओळ कोणत्या तीन पोरांकडून म्हणवून घ्यायची ती नावं लिहून दिली. मानधन वाढलेलं नाही. संस्था शिष्यवृत्तीच्या जादा तासांसाठी चौथीचा संगीताचा तास पंधरवड्यातून एक करायचा म्हणतेय, त्यावर जूनच्या मीटिंगला बोलायचंय, वही सोबत घेऊनच जाणार आहे ती.